पुढचं टेबल

नव्या माणसाला मोकाशीकाका गाव कुठलं हे कधी विचारायचे नाहीत. ते विचारायचे, "गावाला कसं जाता?"

मला विचारलं ते आर. के. पुरमच्या सरकारी क्वार्टरच्या जिन्यात. आम्ही नुकतेच राहायला आलो होतो. हातात दुधाच्या पिशव्या, कडक इस्त्रीचा शर्ट, आणि समोरच्याच्या आधी चेहऱ्याकडे, मग हातांकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे बघायची ती सवय. दारावरची 'नजमा मुकादम' ही पाटी वाचून ते मराठीत नमस्कार म्हणाले, आणि दिल्लीच्या जिन्यात मराठी कानावर पडल्यावर मला रडू यायचंच काय ते बाकी राहिलं. मग तो प्रश्न आला.

मी सांगायला लागले. "चिपळूणला उतरायचं. मग एसटी. ती फाट्यावर सोडते. म्हणजे फाट्याच्या जरा अलीकडे, तिथे एक चहावाला आहे. नाही, तो आता बंद झाला. मग खाली उतरत जायचं, धक्क्यावर. होडी नसेल तर थांबायचं."

"आणि आलीच नाही होडी तर?"

"तर पलीकडे चुलत्यांना हाक मारायची."

ते खूश झाले. "खरी आहेस," म्हणाले, आणि वरच्या मजल्याकडे बघून काकूंना ओरडून सांगितलं, "अगं, खाडीकडची मुलगी आलीय, चहा टाक." मी मुसलमान आहे हे त्यांना पाटीवरूनच कळलं असणार. त्यांनी त्याबद्दल कधी काही विचारलं नाही, आणि आपण मुद्दाम विचारत नाही आहोत असंही कधी दाखवलं नाही. पहिली गोष्ट करणारे पुष्कळ भेटतात. दुसरी जमणारे मला या शहरात फार थोडे भेटले.

काका विमानतळावर इमिग्रेशनच्या काउंटरवर होते. जाणाऱ्या-येणाऱ्याचा पासपोर्ट बघायचा, माणूस बघायचा, शिक्का मारायचा. ही नोकरी त्यांच्या अंगात इतकी मुरली होती की कुणाच्या घरी गेले तरी ते पायपुसण्याच्या अलीकडे उभे राहायचे, आतून "या" असं ऐकू आल्याशिवाय पुढे पाऊल टाकायचे नाहीत. महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात रांगेत पुढच्या माणसापासून चांगलं हातभर अंतर सोडायचे, आणि त्या अंतरात एखादं पंजाबी कुटुंब हमखास घुसायचं. काकू म्हणायच्या, "पोळी संपली की हे मला 'नेक्स्ट' म्हणतात गं." काका त्यावर शांतपणे म्हणायचे, "पोळीच्या दोन्ही बाजू बघून घेतो, मग म्हणतो."

त्यांच्या पुतणीसाठी एक मुलगा बघायला आणला होता. पुण्याचा, गुरुग्रामला मोठ्या कंपनीत. काकांनी त्याला प्रश्न विचारला आणि त्या बिचाऱ्यानं खिशातून फोन काढून नकाशा उघडला. काका पुतणीला म्हणाले, "लग्न कर, मुलगा चांगला आहे. फक्त फोनचं चार्जिंग संपू देऊ नकोस, परत यायचा नाही." लग्न झालं, सुखाचं झालं.

मधली काही वर्षं काकांची बदली मुख्य ऑफिसात होती. तेव्हा आम्ही दोघं एकाच चार्टर्ड बसनं जायचो. ऑफिसातलं घरी बोलायचं नाही हा त्यांचा नेम होता, तो काकूंच्या बाबतीतही त्यांनी कधी मोडला नाही. बस मात्र त्यांच्या मते घर नव्हती. तिथे एकदा त्यांनी मला त्या प्रश्नातली मेख सांगितली.

"स्वतःच्या घराचा रस्ता कुणी पाठ करतं का, नजमा? पाय जातात. त्यामुळे खरा माणूस सांगताना अडखळतो, मागे येतो, बंद पडलेली दुकानं सांगतो. खोट्याला कुणीतरी पढवून पाठवलेलं असतं. तो घडाघडा म्हणतो. घडाघडा म्हणाला की मला शंका."

"आणि खरा माणूसच घडाघडा बोलला तर?"

"आहे ना. एक जण आखातात निघाला होता. सगळे थांबे असे सांगितले की मी पासपोर्ट बाजूला ठेवला. पुढच्या टेबलावर इन्स्पेक्टर बसायचे, त्यांच्याकडे पाठवला. त्यांनी फोन लावले, चौकशी केली. तर तो त्याच रस्त्यावर एसटीचा कंडक्टर होता." काका खळखळून हसले. "मी चुकलो. पण टेबल चुकलं नाही. त्याचं विमानही चुकलं नाही. शंका घेणं माझं काम, निकाल देणं पुढच्या टेबलाचं. म्हणून तर मला झोप लागते."

हे वाक्य मी त्यांच्या तोंडून किती वेळा ऐकलं असेल. पुढच्या टेबलावर त्यांची जेवढी श्रद्धा होती तेवढी देव्हाऱ्यातल्या देवांवरही नसावी. तिथे कुणीतरी बसलेलं आहे, त्याच्याकडे वेळ आहे आणि फोन आहे, आणि आपण चुकलो तर तो सांभाळून घेईल. ज्यानं उभी हयात सरकारी नोकरीत प्रामाणिकपणे काढली त्यालाच असं वाटू शकतं.

निवृत्त झाल्यावर त्यांनी फरीदाबादला सोसायटीत फ्लॅट घेतला, आणि त्यांच्याच सांगण्यावरून पुढे आम्हीही तिथेच घेतला. तिथे काकूंना कंपवात जडला. हात थरथरायचे, चमचा तोंडापर्यंत पोचायचा नाही, बोलणं हळू आणि तुटक झालं. मुलगा परदेशात. तेव्हा सालेहा आली.

सालेहा कूचबिहारकडची, बंगालच्या पार वरच्या टोकाची. नवरा टाइल्स बसवायचा, राहायला कालव्यापलीकडच्या वस्तीत. काकूंना भरवायचं, न्हाऊमाखू घालायचं, दुपारी गच्चीवर उन्हात बसवायचं. काही वर्षांत तिला घरातलं मराठी कळायला लागलं. माझ्या मुलाला 'विरजण' म्हणजे काय ते माहीत नाही, सालेहा रोज लावायची. "काकू, एक घास," असं ती अगदी मराठीत म्हणायची. दुसऱ्या कुणी म्हटलं की काकू तोंड मिटून घ्यायच्या. तिच्या येण्याजाण्यावर त्या घराची भूक चालायची असं म्हटलं तरी चालेल.

काकांनी तिला अर्थातच पहिल्या दिवशी विचारलं होतं. टोटो म्हणजे बॅटरीची रिक्षा, पोखर म्हणजे तळं हे समजावताना ती इतकी अडखळली होती की स्टेशन आणि गाव यांच्यामधली नदी सांगायलाच विसरली. काका खूश.

मग ते दिवस आले. बातम्यांत रोज तेच, घुसखोर शोधायची मोहीम. सोसायटीच्या बागेत संध्याकाळी बाकांवर तेच, ग्रुपवर तेच. आमचे सेक्रेटरी चावलाजी म्हणायचे, "देश है, धर्मशाला थोड़ी है।" माझ्याकडे लक्ष गेलं की लगेच जोडायचे, "मुकादम मॅडम, आपकी बात अलग है, आप तो महाराष्ट्र से हैं।" मी एकदा विचारलं, "कौनसी बात?" त्यावर त्यांनी मला चहा घ्यायचा आग्रह केला.

खरं सांगायचं तर देशाला दार असू नये असं मलाही वाटत नाही. कोण आत येतं ते सरकारनं बघावं, त्यात वावगं काय? काकांचंही तेच म्हणणं होतं. पण बागेतल्या गप्पा ऐकून ते अस्वस्थ व्हायचे. "ही माणसं दाराबद्दल बोलत नाहीत गं," एकदा मला म्हणाले, "ही भांडीवालीबद्दल बोलतायत." आणि तरीही, सोसायटीत सगळ्या कामवाल्यांची तपासणी आहे, पोलीस येणार आहेत, असं ठरल्यावर चावलाजी त्यांच्याकडे आले आणि म्हणाले, "मोकाशी साब, आपसे बढ़िया कौन बैठेगा?", तेव्हा काका हो म्हणाले. मी विचारलं कशाला. "मी बसलो तर नीट होईल," म्हणाले. "कुणावर ओरडणार नाहीत. बसायला खुर्ची देतील." आणि निवृत्तीनंतर पुन्हा एकदा कुणीतरी त्यांना त्यांच्या कामासाठी बोलावलं होतं, तेही असेल. माणूस आहे.

गेटपाशी मांडव घातला, टेबल मांडलं. दोन शिपाई होते. काकांनी खरंच प्रत्येकीला बसायला खुर्ची दिली. कार्डं बघितली, आणि शिपाई म्हणाले तसं, कार्ड काय आजकाल कुणीही बनवतं, म्हणून प्रश्न विचारला. बायका अडखळत होत्या, एकमेकींना विचारत होत्या, नणंदेच्या गावाचा रस्ता सांगत होत्या. काका मान डोलवत होते आणि हळूच म्हणत होते, "ठीक है बेटा। नेक्स्ट।" बघायला आलेली मंडळी कंटाळून पांगायला लागली होती.

सालेहा शेवटी आली. काकूंना भरवून आली. चावलाजी म्हणाले, "अरे साब, ये तो आपके घर की है, छोड़िए।" तिथे काकांनी ऐकायला हवं होतं. पण घरची म्हणून सोडली असं झालं असतं, आणि ते त्यांना जन्मात जमलं नसतं. त्यांनी तिलाही खुर्ची दिली आणि विचारलं.

सालेहा बसली नाही. हात मागे घेऊन ती उभी राहिली आणि म्हणाली, "आनंद विहार से गाड़ी। न्यू कूचबिहार उतरना। स्टेशन के बाहर से बस, हाट तक। हाट से टोटो, घाट तक। नाव से नदी पार। उधर बाँस का पुल, पुल के बाद मस्जिद, मस्जिद के पीछे पोखर, पोखर के दाहिने सुपारी के पेड़, तीसरा घर, टीन का छप्पर, मेरी माँ का घर।"

कुठेही थांबली नाही. शाळेत कविता म्हणतात तशी म्हणाली, आणि म्हणून झाल्यावर काकांकडे बघून हसली.

मी शेजारीच उभी होते. काकांनी तिच्या चेहऱ्याकडे बघितलं, हातांकडे बघितलं, पुन्हा चेहऱ्याकडे बघितलं. शिपायानं विचारलं, "साब, ठीक है ना?" आणि काका म्हणाले, "थोड़ा डाउट है। आगे देख लीजिए।"

आगे म्हणजे पुढचं टेबल. चावलाजींनी ग्रुपवर लिहिलं, एक सापडली. अंगठ्यांवर अंगठे आले. सालेहाला गाडीत बसवताना ती काकांना म्हणत होती, "साहब, मैंने ठीक नहीं बोला?" काका तिला म्हणाले, "घबराओ मत, बस पूछताछ होगी। शाम तक आ जाओगी।" त्यांना ते मनापासून वाटत होतं.

वर घरी गेल्यावर काकांनी काकूंना सांगितलं. ऑफिसातलं घरी न बोलणारा माणूस पहिल्यांदाच ऑफिसातलं बोलला, म्हणाला, इतकं घडाघडा म्हणाली की मला शंका घ्यावीच लागली. काकू एकेक शब्द जमवत म्हणाल्या, "मीच... घोकून घेतलं... तिच्याकडून."

तपासणी आहे कळल्यापासून सालेहा घाबरली होती. साहेब विचारणार, आणि आपण पहिल्या वेळेसारखी नदी विसरलो तर? तिनं काकूंना सांगितलं. आणि काकूंना बिचाऱ्यांना वाटलं, हे आयुष्यभर सगळ्यांना विचारत आलेत, न चुकता सांगणाऱ्यालाच पास करत असतील. त्यांनी तिला म्हणायला लावलं. भरवता भरवता चाललं होतं दोघींचं. एक घास, एक स्टेशन. नदी राहिली की काकू तोंड मिटून घ्यायच्या, आणि नदी आली की उघडायच्या.

काका तसेच उठून पोलीस ठाण्यात गेले. मी बरोबर होते. तिथे एक टेबल होतं, पण त्याच्यामागचा माणूस काकांच्या नातवाच्या वयाचा होता आणि त्याला घाई होती. काकांनी आपलं नाव, आपलं जुनं पद सांगितलं, शंका आपलीच होती आणि ती आपण मागे घेतो असं सांगितलं. तो म्हणाला, "अंकल, शक लिख दिया गया है। अब ऊपर का मामला है।" काकांनी विचारलं, तिच्या गावी कुणी फोन केला का? तो हसला. वाईट हसला नाही, थकून हसला. "इतने लोग हैं, अंकल। किस-किस के गाँव फ़ोन करें?"

बाहेर पायरीवर काका बसले. "नजमा," म्हणाले, "पुढे कुणी बसलेलंच नाहीये गं." मी त्यांना इतकं म्हातारं त्याआधी कधी बघितलं नव्हतं.

सोसायटीत तोवर वस्तीतल्या सगळ्याच बायका यायच्या थांबल्या होत्या. भांडी तुंबली, तशी लोकांची मतंही हलली. जे लोक 'सगळ्यांना हाकला' म्हणत होते ते आता 'आपल्यावाल्यांना कशाला त्रास' म्हणायला लागले. काकांनी मीटिंग बोलवायला लावली. उभे राहून हात जोडले. म्हणाले, ही मुलगी इतकी वर्षं तुमच्या डोळ्यांसमोर येतेय-जातेय, माझ्याबरोबर चला आणि एवढंच सांगा. माणसं बोलली तर ऐकतील. लोक खाली बघत होते. चावलाजी मऊ आवाजात म्हणाले, "साब, लेकिन बोला तो आपने ही था।" त्यात खोटं काही नव्हतं. काका खाली बसले. बरोबर कुणीच निघालं नाही.

तिचा नवरा आणि भाऊ गावाहून जुने कागद घेऊन आले, तोवर तिला सीमेवर नेऊन पलीकडे सोडलं होतं. कुणीतरी फोनवरून तिचा आवाज ऐकवला. ती एका अनोळखी घराच्या ओट्यावर होती आणि विचारत होती, काकू जेवल्या का?

काकू जेवत नव्हत्या. नळीनं दिलं तेवढंच. त्या थंडीत त्या गेल्या. काका कुणाजवळ रडले नाहीत, पण त्यानंतर त्यांनी कुणालाही तो प्रश्न विचारला नाही. मंडळात नवीन जोडपं आलं होतं, अहिल्यानगरकडचं. मी मुद्दाम ओळख करून दिली. काका म्हणाले, "वा, वा," आणि पाणी प्यायला उठले.

मग ते एकटेच सालेहाच्या गावी जाऊन आले. कुणाला सांगितलं नव्हतं. परत आल्यावर माझ्या दारात, पायपुसण्याच्या अलीकडे उभे राहिले. मी "या" म्हटलं तरी आत येईनात. "सगळं आहे," म्हणाले. "पूल आहे, पोखर आहे, सुपारी आहे. तिची आई आहे. तिनं मला नारळाचे लाडू दिले, नजमा. मी कोण ते सांगितल्यावरही दिले." आणि तिथेच उभ्या उभ्या त्यांनी तोंडावर हात घेतला.

सालेहाच्या माणसांनी गावाकडेच वकील लावला होता, कोर्टात अर्ज होता. तिकडच्या वकिलाला काकांचा जबाब हवा होता, शंका घेणाऱ्यानं ती चूक होती असं स्वतः सांगावं म्हणून. त्यासाठी ते पुन्हा निघाले. तब्येत साथ देत नव्हती. मी म्हटलं, जबाब इथूनही देता येईल, वकिलांना विचारू. "नको," म्हणाले, "तिची आई समोर असू दे."

मी आनंद विहारला सोडायला गेले. फलाटावर सकाळची गर्दी होती. त्यांनी डब्यात चढताना पुढच्या माणसापासून हातभर अंतर सोडलं, आणि त्यातून चार जण आधी चढले. खिडकीशी बसले. पाण्याची बाटली, औषधं, डबा, सगळं विचारून झालं. गाडी सुटायला वेळ होता आणि बोलायला काही उरलं नव्हतं, म्हणून मी सहज म्हटलं, "उतरल्यावर कसं जाल हो, काका?"

त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि सांगायला लागले. "न्यू कूचबिहारला उतरायचं. स्टेशनच्या बाहेरून बस, हाटापर्यंत. हाटावरून टोटो, घाटापर्यंत. होडीनं नदी पार. पलीकडे बांबूचा पूल, पुलानंतर मशीद, मशिदीमागे पोखर, पोखराच्या उजवीकडे सुपारीची झाडं, तिसरं घर, पत्र्याचं छप्पर." आणि जरा थांबून म्हणाले, "तिच्या आईचं घर."

गाडी हलली. मी खिडकीबरोबर चालायला लागले. काकांनी गजातून हात बाहेर काढून माझ्या हातावर ठेवला.

"नजमा, कुठे अडखळलो का गं मी?"

"नाही, काका."

"हं," ते म्हणाले. "नाही ना."

जबाब दिला त्यांनी. परतीच्या वाटेवर छातीत दुखायला लागलं, मधल्याच एका स्टेशनवर उतरवलं, तिथल्याच इस्पितळात ते वारले. अर्जावर तारखा पडतायत. सालेहा अजून पलीकडेच आहे.